वाट बुजली तर दावा कशाचा?



सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, कळवणच्या डोंगरात आपल्या बापजाद्यांनी पायांनी पाडलेल्या कितीतरी वाटा आहेत. हिरड्याच्या, गुरं चारायच्या, झऱ्यावर जायच्या, घाट उतरून बाजाराला जायच्या. डांबरी रस्ता आला, मोटारसायकल आली, आणि आपण त्या वाटा सोडल्या. आज त्यांवर घाणेरी माजली आहे.

आमचं म्हणणं असं, की हे नुकसान नुसतं वाटेचं नाही. वनहक्क कायदा २००६ गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलावर आपला सामूहिक हक्क मान्य करतो. पण ती हद्द दाखवायची कशी? नियम १३ मध्ये पुरावे सांगितलेत: चराईच्या जागा, कंदमुळं-रानफळं अन् औषधी गोळा करायच्या जागा, पाण्याच्या जागा, देवाची झाडं, देवराई, मसणवट. यातल्या किती जागा डांबरी रस्त्यावर आहेत? बहुतेक त्या जुन्या वाटेवरच आहेत. वाट हरवली की जागाही सापडायच्या नाहीत.

काहीजण म्हणतात, रानात गेलं की हटकतात, कशाला जायचं? त्यांनी इंग्रजांच्याच १९२७ च्या वन कायद्याचं कलम २५ वाचावं. राखीव जंगलातली वाट बंद करायला सरकारची मंजुरी लागते, आणि सोयीची दुसरी वाट असावी किंवा करून द्यावी लागते. कोणी तोंडी 'बंद' म्हटलं म्हणून वाट बंद होत नाही.

सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं हरिहर गड चढतात. त्यांचा आम्हाला राग नाही. पण आपल्या डोंगऱ्यादेवाची वाट आपल्याच पोरांना ठाऊक नसावी?

म्हणून भात-नागली काढून झाली की वनहक्क समितीने गावाला घेऊन जुनी वाट चालावी. एकट्यादुकट्याने जाऊ नका. पुढे म्हातारी माणसं अन् रानात जाणाऱ्या बाया, मागे लिहिणारी पोरं. झरा, खिंड, दगड, देव, प्रत्येकाचं आपल्या बोलीतलं नाव लिहा, कच्चा नकाशा काढा. शेजारच्या गावच्या वडीलधाऱ्यांचा जबाबही लेखी घ्या. दावेदार सोडून इतर म्हाताऱ्यांचा जबाब नियमात पुरावा धरला आहे. एका पुराव्यावर थांबू नका, एकाहून जास्त लागतात. मग सगळं ग्रामसभेत वाचून दाव्याला जोडा.

वाट ओळखणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत. हे काम यंदाच करा.