उडण्यापूर्वीं तोल

जुनें, रेडिओनें चालणारें विमान हातीं येतांच तें उडविण्याची मुलांस घाई होते. आमचें मत असें कीं, आधीं तोल पाहावा. बॅटरी बसवून, सरळ पंखाच्या पुढील कडेपासून सुमारें चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर दोन बोटांनीं विमान उचलावें. नाक किंचित् झुकल्यास बरें. डागडुजीच्या सरसानें शेपूट जड झालेलें असूं शकतें. तेव्हां बॅटरी पुढें सरकवावी. न भागल्यास नाकांत शिसें बसवावें. शेपूटजड विमान नाक वर करून वेग गमावतें व कोसळतें. १८९६ सालीं ऑटो लिलिएन्थाल, ग्लायडरचें वर उचललेलें नाक सावरतां न आल्यानें, प्राणास मुकला. श्रीपुरच्या उसाच्या फडांत मोडकें विमान शोधण्यापेक्षां पालकहो, मुलांसह घरीं दहा मिनिटें तोल पाहाणें आम्हांस शहाणपणाचें वाटतें.