परमिट पोलिसासाठी नाही, सातबाऱ्यासाठी काढा



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. टोमॅटोचा तोडा चालू आहे, गावात दर चार घरामागं एक पिकअप उभी आहे. म्हणून हीच वेळ बरी.

मागच्या साली मी जुनी पिकअप घेतली. कारण तुम्हाला सांगायला नको. माल तोडून बांधावर पडलेला आणि गाडीवाला फोन उचलत नाही. भाडं ठरेपर्यंत बाजार उतरतो. घरची गाडी झाली की आपला माल वेळेवर वाशीला जाईल, शेजाऱ्यांची कॅरेट घेतली तर डिझेल सुटेल, असा साधा हिशोब. आरसी नावावर झाली, विमा भरला. मला वाटलं, कागद संपले.

दोन महिने गाडी पळवली. एका पहाटे फाट्यावर दुचाकीवाला आडवा आला आणि पडला. पायाला प्लास्टर बसलं, बाकी देवाची कृपा. दवाखान्याचा खर्च मी दिला, विषय मिटला. पण त्या रात्री झोप येईना म्हणून गाडीची फाइल काढून बसलो. फिटनेस तीन आठवड्यांपूर्वी संपलेलं. परमिट तर नव्हतंच. आरसी बदलताना जुन्या मालकाचं परमिट जमा झालेलं आणि माझ्या नावावर नवं कोणी काढलेलंच नव्हतं. चूक माझीच. विचारलंच नव्हतं कोणाला.

तो माणूस गेला असता तर काय झालं असतं, हे मग एका वकिलाकडून समजून घेतलं. परमिट नसलेल्या गाडीनं अपघात झाला तर तो विम्याच्या अटींचा मोठा भंग धरतात. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये अशाच एका ट्रकच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. विमा कंपनी नुकसानभरपाई आधी त्या घरच्यांना देते आणि मग तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करते. म्हणजे हप्ता भरूनही शेवटी पैसे आपणच द्यायचे. आणि आपल्याकडून वसूल काय होणार? बँकेत असतं किती? जे आहे ते सातबाऱ्यावर आहे.

पारावर हे सांगितलं तर लोक म्हणतात, "अहो, शेतकऱ्याची गाडी, घरचा माल, परमिट कशाला?" मीही असंच म्हणायचो. पण मोटार वाहन कायदा 1988 चा आहे आणि त्यात सवलत माल कोणाचा यावर नाही, वजनावर आहे. गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, 3000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलं की लागतं, माल घरचा असो की भाड्याचा. हा आकडा आरसीवर छापलेला असतो. छोट्या गाड्या बऱ्याचदा आत बसतात. माझी पिकअप काहीशे किलोंनी वर गेली. परमिट माफ असलं तरी फिटनेस, विमा, पीयूसी कोणाला माफ नाही.

आता एजंटचं. त्यानं मला 9 हजार सांगितले. त्यात "लायसनला ट्रान्सपोर्टचा शिक्का" हे मोठं कलम. पण 6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिलाय, की एलएमव्ही लायसन असलेला माणूस 7500 किलोच्या आतली मालवाहू गाडीही चालवू शकतो, वेगळा शिक्का लागत नाही. म्हणजे मी नको त्या कामाचे पैसे देणार होतो. त्यावरच्या जड गाडीला मात्र वेगळं लायसन लागतं. त्यासाठी आधी एक वर्ष एलएमव्ही हातात पाहिजे आणि पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. सहाचाकी ट्रक घ्यायचा विचार असेल त्यांनी हे आधी बघावं.

बाकीचं मी स्वतः केलं. दहावी पास माणूस आहे, पण परिवहनच्या वेबसाइटवर मुलाला शेजारी बसवून अर्ज भरला. आधी फिटनेस, मग परमिट, हा क्रम. फिटनेसला गाडी घेऊन 70 किलोमीटर गेलो. मागचा एक इंडिकेटर बंद आणि चमकणारी पट्टी निघालेली, म्हणून परत पाठवलं. राग आला, पण पहाटे अंधारात चालणाऱ्या गाडीला तीच पट्टी लागते, हेही खरं. दुसऱ्या फेरीत काम झालं. परमिट 5 वर्षांचं मिळालं. फिटनेस गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. माझी जुनी, म्हणजे दरवर्षी.

ऐन तोड्यात दोन दिवस गेले. इथं माझं सरकारला म्हणणं आहे. बॅटरीवरच्या गाड्यांना 2018 मध्ये परमिटमधून सूट दिली. मग स्वतःच्या शेताचा माल बाजारात नेणाऱ्या पिकअपला का नाही? 3000 ची मर्यादा 1988 ची आहे, आज गावात चालणाऱ्या कितीतरी पिकअप तिच्या जरा वर आहेत. ती 3500 करा. आणि फिटनेसची तपासणी हंगामाआधी बाजार समितीच्या आवारात ठेवा. गाड्या तिथं येतातच.

पण नियम बदलेपर्यंत आहे तो पाळायचा. फवारणीचं औषध महाग आहे म्हणून करपा थांबत नाही.

कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींनाही विनंती. गटाच्या बैठकीत काढणीवर बोलता, तेव्हा पाच मिनिटं गाडीच्या कागदांवर बोला. शेतकरी कंपन्यांनी तर माल भरण्याआधी कागद बघावेतच.

आज रात्री एवढंच करा. आरसीवरचं वजन बघा. फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी आणि चालवणाऱ्याचं लायसन, या पाचही तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहा. आणि मालाच्या गाडीत मागं पाहुणेरावळे बसवू नका, त्यांना विम्याचा आधार नसतो.

तुमच्या गाडीचं वजन किती निघालं, खाली लिहा. कोणाचं परमिट राहिलं असेल तर लाजू नका. माझंही राहिलं होतं.