प्रवचन कुणासाठी?

रविवारच्या मिस्सेत शुभवर्तमानाचे वाचन संपते, भाविक खाली बसतात आणि पुढील दहा-पंधरा मिनिटे धर्मगुरू बोलतात. आपल्यातील बहुसंख्य प्रौढ माणसांना संपूर्ण आठवड्यात मिळणारे धर्मशिक्षण ते एवढेच. मुलांसाठी धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत, तरुणांसाठी शिबिरे आहेत. परंतु पहाटेची लोकल गाठणाऱ्या कामगाराला आणि चार घरची धुणीभांडी उरकून चर्चची पायरी चढणाऱ्या मावशीला देवशब्दाचा अर्थ सांगणारी दुसरी जागा नाही. असे असता, नवी मुंबईतील आपल्या धर्मग्रामांत हे प्रवचन मराठी माणसाच्या पदरात नीट पडत नाही आणि त्याच्या अंतरीचे बोल तर मंडळीच्या कानी जवळजवळ पडतच नाहीत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. ते काहींना कटू वाटेल. तरीही ते बोलले पाहिजे, कारण ज्यांच्या वतीने ते बोलायचे ती माणसे सभेत उठून बोलणारी नाहीत.

प्रवचनाला एवढे महत्त्व कशासाठी, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर ख्रिस्तसभेनेच देऊन ठेवले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला. त्याच्या ५२ व्या परिच्छेदात प्रवचन हा उपासनेचाच भाग ठरविला असून, रविवारी आणि सक्तीच्या सणांच्या दिवशी गंभीर कारणावाचून ते गाळू नये, असे बजावले आहे. त्याच दस्तऐवजाने लोकभाषांना वेदीजवळ येण्याची वाट मोकळी केली. पुढल्याच वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेच्या निमित्ताने पोप सहावे पॉल मुंबईत आले. लॅटिन भाषेत पुटपुटल्या जाणाऱ्या प्रार्थना पुढे हळूहळू मराठीत आल्या. आपल्या आजी-आजोबांनी आयुष्यभर ऐकलेल्या मिस्सेचा अर्थ त्यांना उतारवयात कळला. त्या घटनेला साठ वर्षे उलटून गेली. आज नवी मुंबईत लॅटिनच्या रिकाम्या जागी इंग्रजी येऊन बसली आहे आणि तिला उठवण्याचे कुणाच्या मनातही येत नाही.

या शहरात कोण राहतात ते पाहा. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. मुंबईतील घर परवडेना म्हणून वसईकर आणि ईस्ट इंडियन कुटुंबे खाडी ओलांडून आली. गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, तामिळनाडूचे श्रद्धावंत आले. आणि त्यांच्याबरोबर नगर, नाशिक, जालना, औरंगाबाद या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून कॅथलिक माणसे आली. त्यांपैकी काही जिल्ह्यांची नावे आता बदलली असली तरी तेथून निघालेली माणसे आपला गाव जुन्याच नावाने सांगतात. कुणी औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यात लागला, कुणी रुग्णालयात आया झाली, कुणी इमारतीचा रखवालदार. यांच्या आज्या-पणज्यांना मिशनरी धर्मगुरूंनी ख्रिस्त सांगितला तो मराठीतून. त्यांच्यासाठी १९०३ साली ‘निरोप्या’ निघाला तो मराठीतून. त्यांनी भजने गाइली, जपमाळ म्हटली, मयताच्या रात्री प्रार्थना केल्या त्या मराठीतून. या माणसांची श्रद्धा मराठीत रुजलेली आहे. ती दुसऱ्या मातीत हलवताना मुळे तुटतात, याचा विचार कुणी करावयाचा?

“पण इंग्रजी सर्वांना समजते,” असे उत्तर तत्परतेने मिळते. कोणती इंग्रजी? बसचा फलक वाचण्यापुरती, मोबाइलचे बिल भरण्यापुरती, साहेबाला ‘येस सर’ म्हणण्यापुरती इंग्रजी समजणे वेगळे आणि क्षमा, पश्चात्ताप, कृपा, तारण हे शब्द काळजापर्यंत पोहोचणे वेगळे. नहेम्याच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. बंदिवासातून परतलेल्या लोकांपुढे एज्रा नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगतात. अर्थ समजल्यावर लोक रडू लागतात. वाचन आणि अश्रू यांच्यामध्ये तेथे अर्थ सांगणारी माणसे उभी आहेत. आपल्याकडे वाचन होते, भाषण होते. रडू मात्र कुणाला येत नाही, आणि आपण त्याला शिस्त म्हणतो!

दुसरे उत्तर असे असते की मराठी मिस्सेला गर्दीच होत नाही. गैरसोयीच्या वेळी, तीही कोठे महिन्यातून एकदा ठेवलेल्या मिस्सेला गर्दी होत नाही, याचा दोष भाविकांवर ढकलणे हा कोणता न्याय? आणि तेथे आलेल्यांना तरी काय मिळते? पुष्कळदा इंग्रजीत तयार केलेले प्रवचन व्यासपीठावर उभ्या उभ्या मराठीत आणले जाते. क्रियापदे अडखळतात, वाक्ये अर्ध्यावर थांबतात, अडलेल्या ठिकाणी पुन्हा इंग्रजी शब्द धावून येतो. ऐकणाऱ्याच्या मनात एकच भाव उरतो: आपल्यासाठी कुणी घरी बसून तयारी केली नाही. दूरच्या नातेवाइकाला पंगतीत शेवटी बसवावे आणि उरलेसुरले वाढावे, तसा हा प्रकार आहे.

येथे मला धर्मगुरूंशी अन्याय करावयाचा नाही. त्यांचे सेमिनरीतील शिक्षण इंग्रजीतून होते, धर्मशास्त्राची पुस्तके इंग्रजीत असतात आणि एकेका रविवारी तीन-तीन मिस्सा, त्यावर आजारी माणसांच्या भेटी व लग्नांची कागदपत्रे असा त्यांचा संसार असतो. परंतु अडचण खरी असली तरी ती अटळ नसते. इंग्लंडमध्ये जन्मलेला थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरला तेव्हा त्याला मराठीचे एक अक्षरही येत नव्हते. त्याला शब्दकोश तयार मिळाला नाही, शिकवणी मिळाली नाही. तो लोकांत राहिला, त्यांच्या पुराणांची आणि ओव्यांची लय त्याने कानांत साठवली आणि १६१६ साली राचोल येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवे होते. ती भूक त्याने ओळखली. साता समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला जे साधले, ते याच मातीत वाढलेल्या आपल्या धर्मगुरूंना अशक्य आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आपल्या काळातही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या वेदीवरून बोलता बोलता मराठी साहित्याच्या व्यासपीठापर्यंत मजल मारली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्यांना श्रद्धांजली वाहणाऱ्या सभांपेक्षा त्यांच्यासारखे मराठी बोलण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न मला अधिक मोलाचा वाटतो.

मात्र केवळ भाषा बदलून भागणार नाही. परक्या गावाचे प्रवचन मराठीत आणले म्हणून ते आपले होत नाही. तयार प्रवचने आज सहज हाती येतात. त्यांत बर्फात अडकलेला प्रवासी असतो, परदेशी बँकेचा मालक असतो, कुणा श्रीमंताचा गुणी कुत्रा असतो. नसतो तो उलवे, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही अशा दहा गावांतला माणूस, ज्याचे घर विमानतळासाठी उठले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले. नाबोथाच्या द्राक्षमळ्याचे वाचन आले की आपल्या पायांखालच्या जमिनीची, जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी गोळीबारात प्राण गमावणाऱ्या पाच जणांची आठवण व्हावयास नको काय? तळोजा कारागृह याच शहराच्या अंगणात आहे. पार्किन्सनच्या विकाराने हात थरथरणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी तेथे बंदिवान होते आणि खटला सुरू होण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात त्यांचा अंत झाला. बंदिवानाला भेटलात तो मला भेटलात, या अर्थाचे प्रभूचे शब्द आपण दरवर्षी ऐकतो. ज्या प्रवचनात त्या शब्दांना तळोज्याचा पत्ता मिळत नाही, ते प्रवचन कोणत्या शहरात दिले गेले म्हणावयाचे?

आता दुसरी बाजू पाहू. प्रापंचिकांचे आत्मनिवेदन हा आपल्या मंडळीतील एक मोठा ठेवा आहे. मिस्सेतील प्रवचन हे धर्मगुरूंचे वा उपयाजकांचे कार्य आहे, हे १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे कलम ७६७ सांगते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या आधीचेच कलम ७६६ प्रापंचिकांनाही विशिष्ट परिस्थितीत चर्चमध्ये बोलण्याची मुभा देते. शिवाय विभागातील छोट्या समूहांच्या बैठका आहेत, नोव्हेनाच्या संध्याकाळी आहेत, उपवासकाळातील चिंतने आहेत. तेथे बोलण्यासाठी आपण कुणाला पाचारण करतो? ज्याला सफाईदार इंग्रजी येते त्याला. मग निवेदनेही एका साच्यातून निघतात: नोकरी मिळाली, व्हिसा मिळाला, फ्लॅट मिळाला, देवाचे आभार. आभार मानावेतच, त्यात वावगे काही नाही. पण नवरा दारूत बुडालेला असताना तीन लेकरे शिकवणारी, आणि तरीही दररोज संध्याकाळी जपमाळ न चुकवणारी बाई त्या माइकपर्यंत कधी पोहोचत नाही. न मिळालेल्या गोष्टींच्या अंधारात टिकून राहिलेली श्रद्धा आपल्या मंडळीत भरपूर आहे. ती बोलत नाही, कारण तिची भाषा गावंढळ ठरेल अशी तिला भीती वाटते.

त्या भीतीला उत्तर शास्त्रातच आहे. महायाजकाच्या अंगणात पेत्राला ओळखले ते त्याच्या बोलीवरून. गालिलातला कोळी तो. यरुशलेमच्या नागर लोकांत त्याचे हेल लपले नाहीत. तरी प्रभूने आपली ख्रिस्तसभा त्याच माणसावर उभारली आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी पहिले प्रवचन त्याच तोंडून झाले. ज्याने त्याने ते आपापल्या भाषेत ऐकले. त्या दिवशी पवित्र आत्म्याने सर्वांना एकच भाषा शिकविली असती तर काम किती सोपे झाले असते! त्याने तसे केले नाही.

मराठीचा आग्रह धरणे म्हणजे फूट पाडणे, असा आक्षेप येईल. आपल्या शेजारी पाहावे. ३० एप्रिल १९८८ रोजी सिरो-मलबार श्रद्धावंतांसाठी कल्याण धर्मप्रांताची स्थापना झाली आणि येथील मल्याळी कुटुंबांना आपल्या उपासनापरंपरेबरोबर आपल्या भाषेतील प्रवचनही लाभले. त्यांचा उपासनाविधी निराळा, म्हणून त्यांची व्यवस्था निराळी. आम्हांला वेगळा धर्मप्रांत नको आहे. परंतु मायबोलीत देवशब्द ऐकल्याने मंडळी दुभंगत नाही, एवढे त्यांनी आपल्याला दाखवून दिले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ सालच्या आपल्या प्रेषितीय बोधपत्रात प्रवचनाची तुलना आईने लेकराशी केलेल्या बोलण्याशी केली. त्यांनीच जून २०२४ मध्ये, प्रवचन आठ मिनिटांपलीकडे जाऊ नये, असेही धर्मगुरूंना बजावले. आई आठ मिनिटे बोलेल, पण लेकराला न कळणाऱ्या भाषेत बोलणार नाही.

आणि मराठी कुटुंबांनो, सगळा भार चर्चवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा अभिनंदनाचे संदेश घरोघर फिरले. त्यांपैकी किती घरांत रात्रीची प्रार्थना मराठीत होते? मुलाला ‘हे आमच्या बापा’ येत नाही, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. उद्या तोच मुलगा मराठी मिस्सेला आला नाही तर धर्मगुरूंना दोष कसा द्यावा?

अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभूने आधी विचारले की, तुम्ही चालता चालता कशाविषयी बोलत आहात? त्या दोघांनी आपली सारी निराशा त्याच्यापुढे ओतली. ती ऐकून घेतल्यावर मग त्याने शास्त्राचा उलगडा केला. आधी लोकांचे मनोगत, मग प्रवचन, असा तो क्रम आहे. आपल्या धर्मग्रामांतही तो पाळता येईल. प्रत्येक धर्मग्रामात दर रविवारी सोयीच्या वेळी एक मराठी मिस्सा असावी. तिचे प्रवचन मुळातून मराठीत लिहिले जावे. आठवड्यातून एका संध्याकाळी धर्मगुरूंनी पाच-सहा मराठी कुटुंबांबरोबर येत्या रविवारचे वाचन करावे आणि त्यांचे बोल ऐकावेत. समूहाच्या बैठकीत महिन्यातून एकदा अशा माणसाला बोलते करावे, जो आजवर कधीच बोललेला नाही. यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही, वरून परवानगीही लागत नाही. पुढल्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत हा विषय कुणी मांडणार की नाही, एवढेच ठरावयाचे आहे.