बोट आणि बोट

मराठीत एक बोट स्त्रीलिंगी आणि एक नपुंसकलिंगी. पहिली पाण्यावर चालते, दुसरं हाताला असतं. शाळेत हा फरक शिकवताना मी दरवर्षी तोच एक विनोद करायचो आणि पोरं दरवर्षी गुरुजींचा मान राखायचा म्हणून हसायची. गेल्या फेब्रुवारीत या दोन्हींची गाठ माझ्या डोळ्यांदेखत पडली. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

झालं असं. अलिबागकडचं लग्न उरकून आम्ही दहा-बारा जण मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबईला निघालो होतो. दुपारची वेळ, वरच्या डेकवर छान ऊन. बरोबर माझा धाकटा भाचा, पुण्याचा. त्याच्याकडे एक छोटा ड्रोन आहे. बाहेरून आणलेल्या ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, मग हा आला कुठून ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. असो. बोट सुटून पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, याने बॅगेतून तो काढला, तळहातावर ठेवला आणि उडवला. बोटीवरच्या कुणालाही न विचारता.

पुढचं थोडक्यात सांगतो. ड्रोन वर गेला, मागच्या अँटेनाच्या खांबाला घासता घासता वाचला, मागे पडला, पांढऱ्या कुरवांच्या थव्यात शिरला. बोटीवरचे दोन कर्मचारी धावत आले आणि त्यांनी खडसावून तो खाली घ्यायला लावला. तो खाली येताना डेकपासून दोन हातांवर डोलायला लागला. माझ्या बहिणीची पाच वर्षांची नात "खेळणं, खेळणं" करत त्याच्याकडे झेपावली. भाच्याने उघड्या हाताने तो मधल्या मध्ये पकडला. तर्जनीला चार टाके, मधल्या बोटाला दोन. पोरीचा चेहरा वीतभर अंतरावर होता.

रात्री कुटुंबाच्या ग्रुपवर सव्वादोन मिनिटांचा व्हिडिओ आला. निळा समुद्र, पांढरी बोट, मागे फेसाची रेघ, वर बासरी. खाली एकेचाळीस अंगठे. "वॉव", "हॉलिवूड", "मामांना पण दाखवा". मामांनी प्रत्यक्षच पाहिलं होतं. त्या सव्वादोन मिनिटांत बोट दिसते. बोट दिसत नाही. माझा राग आहे तो यावर.

पहिल्यांदा ज्यांना वाटतं की मामा म्हातारे झाले, यंत्राला घाबरतात, त्यांच्यासाठी थोडा भूगोल आणि थोडं गणित. चौतीस वर्षं हेच केलं आहे, एक तास जास्त घ्या.

चालत्या एसटीत तुम्ही चेंडू सरळ वर फेकला तर तो परत तुमच्याच हातात येतो, कारण तोही गाडीच्याच वेगाने पुढे जात असतो. बहुतेकांना वाटतं की ड्रोनचंही तसंच. तसं मुळीच नाही. ड्रोन उपग्रहांकडून आपली जागा ठरवतो आणि तुम्ही काही हुकूम दिला नाही तर तो जमिनीच्या हिशेबाने एका बिंदूवर थांबायचा प्रयत्न करतो. त्याच्या लेखी बोट नावाची वस्तूच नाही. म्हणजे तुम्ही डेकवरून तो उचललात की तो आकाशात उभा राहतो आणि बोट त्याच्याखालून पुढे सरकते. त्याच्या मागे जे काही असेल, खांब, धुराडं, कठडा, ते त्याच्या अंगावर चालून येतं. भाचा म्हणाला, "मामा, वाऱ्याने ढकलला." वाऱ्याने नाही रे बाबा. ड्रोन जागच्या जागी होता, खांब चालत आला.

दुसरं ते "घरी परत ये" बटण. सगळा विश्वास त्यावर. संपर्क तुटला, बॅटरी उतरली की ड्रोन आपोआप घरी येतो म्हणे. घर म्हणजे कुठलं? जिथून उडाला तो बिंदू. बोट दहा नॉटने चालली आहे असं धरू. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा दहा नॉट म्हणजे सेकंदाला पाच मीटरहून थोडं जास्त. दहा मिनिटांत बोट तीन किलोमीटर पुढे गेलेली असते. ड्रोन इमानदारीने घरी परततो, खाली उतरतो, आणि तिथे फक्त पाणी असतं. हातातल्या यंत्राच्या जागेवर घर बदलून घेता येतं, हे मला आता माहीत झालं आहे. पण तेही तेवढ्या क्षणापुरतं. पुढच्या मिनिटाला बोट तिथून तीनशे मीटर पुढे.

आता वारा. आपल्या किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि दुपारी खारा वारा समुद्रावरून येतो. सहावीच्या पोराला येतं हे. फेब्रुवारीत दुपारी तो वायव्येकडून येतो आणि मांडव्याहून मुंबईला जाताना तो बराचसा समोरूनच असतो. ड्रोनचा नेहमीचा वेग सेकंदाला दहा मीटर, समोरचा वारा पाच मीटर, तर हातात उरले पाच. बोटीचा वेग पाचच्या वर. म्हणजे एकदा मागे पडलेला ड्रोन त्या वेगाने बोटीला कधीच गाठणार नाही, नुसता मागे मागे येत राहील, बॅटरी संपेपर्यंत. भाच्याने घाबरून शर्यतीचा वेग लावला म्हणून आला. किती बॅटरी उरली होती विचारलं तर म्हणाला सतरा टक्के. परीक्षेत सतरा टक्के मिळाले तर काय म्हणतात ते मी त्याला सांगायची गरज नाही.

शिवाय सगळं जहाज लोखंडाचं. ड्रोनच्या आतलं होकायंत्र लोखंडाजवळ बावचळतं आणि डोलणाऱ्या डेकवर त्याचा समतोल साधणारा भाग नीट जुळत नाही. भाच्याच्या पडद्यावर सूचना आली होती, मी पाहिली. त्याने ती बोटाने बाजूला सारली. त्याच बोटाने.

"पण मामा, समुद्रात कुणाच्या डोक्यावर पडणार होता?" हा त्याचा मुख्य युक्तिवाद आणि ग्रुपवर तीन जणांनी त्याला दुजोरा दिला. समुद्र म्हणजे जणू ओसाड माळरान! अरे, मुंबई बंदराचं तोंड आहे हे. इथे जेएनपीएला जाणारी कंटेनरची जहाजं, नौदलाच्या बोटी, मच्छीमारांचे मचवे, गेटवेच्या लाँची, सगळे एकाच पाण्यात. वरून कुलाब्याच्या नौदल तळाची हेलिकॉप्टरं. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळून किती माणसं गेली, ते इतक्यात विसरलात? भाऊच्या धक्क्याकडे जाणारी बोट नौदलाच्या गोदीच्या अंगाने जाते. तिथे तुमचा ड्रोन भरकटला तर तो बासरी वाजवणारा व्हिडिओ आहे की आणखी काही, हे गोदीतल्या पहारेकऱ्याने कसं ओळखायचं?

आणि डोक्यावर पडायला समुद्र कशाला हवा, डेक पुरे. डेकवर माणसं होती. डेकखाली टाक्यांत पेट्रोल घेऊन रांगेने उभ्या गाड्या होत्या. ड्रोनची लिथियमची बॅटरी आपटली, फुटली, तर पेटू शकते. पाण्यात पडली तर पाण्यात विष, बोटीवर पडली तर निखारा. यातलं काय पत्करायचं ते भाच्याने एकट्याने ठरवायचं?

कायद्याचंही त्याने ऐकवलं. अडीचशे ग्रॅमपेक्षा हलका आहे, म्हणजे 'नॅनो', पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. बरोबर आहे, लागत नाही. पण हलका म्हणून लाल पट्टा हिरवा होत नाही, नकाशा पाहावाच लागतो. १ डिसेंबर २०१८ पासून जे नियम लागू झाले होते त्यांत चालत्या वाहनावरून किंवा जहाजावरून ड्रोन उडवायचा नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पुढे २५ ऑगस्ट २०२१ ला नवे, सुटसुटीत नियम आले. सुटसुटीत झाले याचा अर्थ सरकारने तुमच्या अकलेवर थोडा विश्वास टाकला एवढाच. माणसाला किंवा मालमत्तेला धोका होईल असं उडवायचं नाही, हे त्यांतही आहे. भाचा म्हणतो, "पण जहाजाचा उल्लेख दाखवा." सरकारी कागदातली पळवाट शोधणारा विद्यार्थी मला नेहमीच हुशार वाटत आला आहे. पण समोर पाच वर्षांची पोर असताना पळवाट शोधणाऱ्याला मी हुशार म्हणणार नाही.

मला यापेक्षाही जी गोष्ट खुपली ती वेगळीच. ड्रोन वर गेल्यावर डेकवरची झाडून सगळी माणसं मोबाईल काढून एका कठड्याकडे धावली. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. का, ते आमच्या वयाच्या रेवस-मांडव्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. वादळी लाटेने बोट कलली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, आणि संपलं. सहाशेहून अधिक माणसं गेली. माझा जन्म त्यानंतरचा, पण लहानपणी रेवसच्या लाँचमध्ये बसलो की वडील दोनच गोष्टी सांगायचे. जागेवर बसायचं आणि तांडेल सांगेल ते ऐकायचं. एकदा मासा दिसला म्हणून मी उठून कडेला गेलो तर तांडेलाच्या आधी वडिलांनीच कान पिरगळला होता.

आजची रो-रो बोट 'रामदास' नव्हे. ती मोठी आहे, चाळीस माणसं एका बाजूला गेल्याने तिला काही होणार नाही, हे मलाही कळतं. पण हीच माणसं गेटवेच्या छोट्या लाँचमध्येही बसतात, आणि तिथेही कुणीतरी हे खेळणं काढणारच आहे. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ प्रवासी लाँच बुडायला लागली तेव्हा ८८ माणसं वाचली ती पोलिसांची गस्तीची बोट वेळेवर पोचली म्हणून. दरवेळी पोचेल असं नाही.

मी ड्रोनच्या विरोधात नाही. माझा एक जुना विद्यार्थी मोठ्या मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर आहे. त्याला फोन करून विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "सर, आम्हीही उडवतो की." जहाजाच्या बाजू, उंचावरचे खांब तपासायला त्यांना ड्रोन लागतो. पण कसा उडवतात ते ऐका. आधी कॅप्टनची लेखी परवानगी. जहाज शक्यतो नांगरावर, थांबलेलं. तेलाच्या किंवा गॅसच्या जहाजावर तर डेकवर मोबाईलदेखील चालत नाही, ड्रोन दूरच. एक जण उडवतो, दुसरा नुसता आकाशाकडे बघतो. डेकचा तेवढा भाग रिकामा. उतरवताना हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. "घरी परत ये"वर भिस्त ठेवायची नाही, अर्धी बॅटरी उरली की हाताने चालवून परत आणायचा. आणि वारा जास्त असेल तर त्या दिवशी उडवायचाच नाही. "सर, पंचवीस वर्षं समुद्रावर आहे, पण ड्रोन काढायच्या आधी मी ब्रिजवर जाऊन विचारतो," असं तो म्हणाला. त्याला भूगोलात कमीच मार्क पडायचे. मला त्याचा फार अभिमान वाटला.

भाच्याने कुणालाही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. हे त्याने स्वतःच कबूल केलं. मग ज्या एकेचाळीस जणांनी अंगठे दिले, त्यांनी कशाला दिले? त्यातले निम्मे तर बोटीवरच होते. रक्त पुसायला रुमाल त्यांनीच दिले होते. घरी पोचल्यावर त्याच माणसांना हॉलिवूड आठवलं. भाचा तरुण आहे, त्याचं वय चुकायचंच आहे. पण पन्नाशी-साठीचे काका, आत्या, मावश्या? पुढच्या लग्नात दुसरा कुणी भाचा दुसरा ड्रोन काढणार आहे तो तुमच्या या अंगठ्यांच्या जोरावर.

हा लेख वाचून बहीण रागावेल. "घरातलं जगाला कशाला सांगायचं?" म्हणेल. तिला सांगायचं तर मी कुणाचं नाव लिहिलेलं नाही, आणि तो व्हिडिओ तिने स्वतःच तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकला आहे.

टाके निघाले. मधलं बोट ठीक आहे, तर्जनी अजून पुरती वळत नाही. मागच्या रविवारी भाचा घरी आला तेव्हा मी त्याला न कापलेला व्हिडिओ दाखवायला सांगितलं. शेवटच्या अकरा सेकंदांत डेक जवळ येतो, तिरका होतो, मग एक लहानसा हात पुढे येताना दिसतो, पिवळ्या बांगड्यांचा, आणि लगेच अंधार. आम्ही दोघं ते तीनदा पाहिलं. कुणी काही बोललं नाही. जाताना मी म्हटलं, ही अकरा सेकंदं ग्रुपवर टाक. टाकतो म्हणाला.

आज बुधवार. अजून आलेली नाहीत.