सातबाऱ्यावर नसलेल्या बहिणी

तालुक्याच्या कोर्टात जाऊन दिवाणी दाव्यांचा बोर्ड वाचावा. शेख विरुद्ध शेख, पठाण विरुद्ध पठाण, मुल्ला विरुद्ध मुल्ला. आमच्या जमिनी सरकारने गिळल्या, बिल्डरांनी लाटल्या, असे आम्ही सभांमधून ओरडतो. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण या बोर्डावर दोन्ही बाजूंना आमचीच नावे आहेत, त्याचे काय?

एका गटाला दोन-तीन मालक होतात कसे? बाप मरतो. चाळिसावा होण्याआधीच थोरला मुलगा तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, दप्तर तेच) वारसनोंदीचा अर्ज देतो. अर्जात तीन भावांची नावे असतात. दोन बहिणी सासरी नांदत असतात, त्यांची नसतात. फेरफार मंजूर होतो. सातबारा कसा स्वच्छ! पुढे भाऊ जमीन विकतात, खरेदीखत नोंदले जाते, घेणारा आणखी कोणाला विकतो. पंधरा वर्षांनी बहिणीचा मुलगा शिकून शहाणा होतो, जुने फेरफार काढतो आणि वाटपाचा दावा लावतो. तोवर जमीन तिसऱ्याच्या ताब्यात असते, आणि त्याच्याकडेही शिक्क्याचा कागद असतो.

तो बिचारा विचारतो, मी स्टॅम्प ड्युटी भरली, रजिस्ट्री केली, मग मालक मी नाही का? १९०८ चा नोंदणी कायदा दस्त नोंदवतो, मालकी नोंदवत नाही. विकणारा खरा मालक आहे की नाही, हे ठरवणे दुय्यम निबंधकाचे कामच नाही. सातबाऱ्याचेही तेच. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारच्या समीउल्लाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी आणि मालकी यांतला हा फरक पुन्हा एकदा सांगितला. पुण्याच्या गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी तर १९८९ सालीच मांडले होते की जमिनीच्या मालकीची हमी सरकारने घ्यावी. दक्षिण ऑस्ट्रेलियात ती पद्धत १८५८ पासून आहे. आमच्याकडे समित्या झाल्या, संगणक आले, हमी आली नाही.

हा दोष सरकारचा, मान्य. पण अर्जातून बहिणीचे नाव सरकारने गाळलेले नाही.

मुसलमानी कायद्यात एकत्र कुटुंब ही चीजच नाही, त्याचा कर्ता नाही. बापाने डोळे मिटले त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. आई आणि आजी-आजोबा आधीच गेले असतील, तर तीन भाऊ नि दोन बहिणींत जमिनीचे आठ भाग पडतात. सहा भावांचे, दोन बहिणींचे. म्हणजे आठ एकरांतले दोन एकर विकण्याचा हक्क भावांना कधी नव्हताच. त्यांनी आठही विकले. याला आम्ही घरची बाब म्हणतो! परक्याने केले असते तर काय म्हटले असते?

सबबी ठरलेल्या आहेत. तिच्या शादीत खर्च केला. खर्च केला म्हणून वारसा संपतो, असे कुठल्या शरीअतीत लिहिले आहे? तिने माफ केले. कधी? मय्यतीच्या घरात, रडताना, चार भावजयांच्या समोर? हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र लिहून नोंदवावे लागते, आणि ते वाचून दाखवल्यावर किती बहिणी सही करतील ते एकदा बघाच. शेवटची सबब म्हणजे अब्बांनी तोंडी हिबा केला होता. मुसलमानांच्या तोंडी हिब्याला नोंदणी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केले. पण देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे, या तिन्ही गोष्टी लागतात. बाप मरेपर्यंत पीक त्यानेच घेतले, सारा त्यानेच भरला, मग हा हिबा झाला केव्हा?

त्यातले शहाणे १९३७ च्या शरीअत कायद्याचे कलम २ पुढे करतात. त्यात शेतजमीन वगळलेली आहे, हे खरे. मात्र तलाक आणि बहुपत्नीत्वाच्या वेळी ज्यांना शरीअतीत काडीचा बदल सोसत नाही, त्यांना नेमके हे इंग्रजी कलम तोंडपाठ कसे असते?

२०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याविरुद्ध आम्ही रस्त्यावर उतरलो. उतरायलाच हवे होते. पण त्याच कायद्यात एक तरतूद आहे की वक्फ अलल औलाद करून स्त्री वारसांचा हिस्सा बुडवता येणार नाही. ही शिकवण आम्हाला सरकारकडून घ्यावी लागावी? तिला आमच्यापैकी किती जणांनी छातीवर हात ठेवून उत्तर दिले?

ज्या बहिणी कोर्टात गेल्याच आहेत, त्यांनी वकिलाला एक विचारावे. आपल्या राज्यात चालू दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती नोंदवली नसेल तर दावा चालू असताना जमीन घेणारा हात वर करतो. आपली नोंदवली आहे का?

आणि जमातच्या मंडळींनी दफनाच्या वहीत त्याच पानावर वारसांची नावे लिहावीत, मुलींसकट, आणि वारसनोंदीच्या अर्जाला त्याची नक्कल जोडावी. जुम्म्याच्या बयानात आमच्या टोपीवर आणि पायजम्याच्या उंचीवर पुष्कळ झाले. एखाद्या जुम्म्याला मौलानांनी फेरफारावर बोलावे.