मूल ‘मठ्ठ’ ठरण्याआधी तपासणी मागा



“तुमचं पोरगं मठ्ठ आहे, त्याच्या डोक्यात काही शिरत नाही.” शाळेतून असा निरोप आला की आपल्या घरात काय होते, ते आपण सारे जाणतो. बाप चिडून पोराला दोन ठेवून देतो. आई गुपचूप कुणाकडून तरी अंगारा आणते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही हे घडते. असे एकेक वर्ष जाते आणि चौदा-पंधराव्या वर्षी तो मुलगा शिरोलीच्या फाउंड्रीत किंवा इचलकरंजीच्या मागावर उभा दिसतो. त्याला नेमकी अडचण काय होती, हे मात्र कुणीच तपासलेले नसते.

हा प्रश्न आपल्या समाजाला दोन्ही बाजूंनी भोवतो. ‘यांच्या मुलांना बुद्धीच कमी’ असे मनात धरून शिकवणारे लोक अजून संपलेले नाहीत. त्यामुळे धडधाकट बुद्धीचे मूलही शेवटच्या बाकावर जाते. उलट ज्या मुलाला खरोखर अडचण आहे, त्याच्याकडे ‘ही मुले अशीच असायची’ म्हणून दुर्लक्ष होते. दोन्ही अन्यायांवर उपाय एकच : रीतसर तपासणी. मूल कसे आहे हे गुरुजींच्या अंदाजाने, शेजाऱ्यांच्या बोलण्याने किंवा देवऋष्याच्या कौलाने ठरत नाही.

सुरुवात कान आणि डोळे यांपासून करा. फळा न दिसणारे, ऐकू कमी येणारे मूल वर्गात ‘मठ्ठ’ ठरते आणि चष्मा किंवा कानाचे यंत्र मिळाले की वाचू लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुले तपासायला येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. त्यानंतरही बोलण्यात उशीर, अक्षरे सतत उलटसुलट लिहिणे, तोंडी उत्तर येणे पण लिहिता न येणे, असे काही दिसले तर पुढची तपासणी मागा.

आता पात्रतेबद्दल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. अंधत्व, कर्णबधिरता, अस्थिव्यंग तर आहेतच. शिवाय बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि अध्ययन अक्षमता हेही आहेत. अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमणे.

‘४० टक्के’ या आकड्याचा आपल्याकडे फार घोळ होतो. तो नीट समजून घ्या. शाळेत प्रवेश मिळण्यासाठी हा आकडा लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत जागा आहे आणि तीही वयाला साजेशा वर्गात. ‘आधी दाखला आणा, मग नाव घालू’ असे शाळेला म्हणता येत नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरले की आणखी हक्क मिळतात : ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, पुढे उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव जागा. टक्केवारी ४० च्या आत आली तरी तो कागद फाडून टाकू नका. शाळेकडे मदत मागताना तोच कागद पुढे करता येतो.

विशेष शाळा की साधी शाळा, ही निवड कायद्याने मुलाची व पालकांची आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून आपल्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवले. वेगळे बसवण्याचे दुःख आपल्याइतके कुणाला कळणार? म्हणून ‘याला दुसरीकडे न्या’ असे कुणी सांगितले म्हणून मूल उचलू नका. मात्र कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा शिकवणारी विशेष शाळा अधिक उपयोगी वाटली, तर तिथे घालण्यात कमीपणाही मानू नका.

करायचे काय, ते सांगते. मुख्याध्यापकांना तपासणीसाठी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तालुक्यात पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागात चौकशी करा. दाखल्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर नाव नोंदवावे लागते. कोल्हापुरात दाखल्याची तपासणी सीपीआर रुग्णालयात होते. कोणत्या प्रकारची तपासणी कोणत्या वारी, हे आधी विचारून जा, म्हणजे एका दिवसाचीच हजेरी बुडेल. आधार कार्ड, रेशनकार्ड, फोटो, मुलाच्या जन्मावेळचे व आजारपणाचे दवाखान्याचे कागद, शाळेच्या वह्या आणि प्रगतिपुस्तक सोबत ठेवा. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर आठवी-नववीतच कागद तयार करा. जातीचा दाखला आहे म्हणून या दाखल्याची गरज भागत नाही. दोन्ही स्वतंत्र आहेत, दोन्ही काढा. शाळेने दाद दिली नाही, तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

“दाखला काढला तर पोरीचं लग्न जमायचं नाही,” असे काही आया म्हणतात. माझे त्यांना एवढेच सांगणे आहे, की दाखला लपवल्याने अडचण लपत नाही. फक्त मदत लांब जाते. शिकून पायावर उभी राहिलेली मुलगी कुणावर ओझे होत नाही. आपल्या कोल्हापुरातच नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर असताना १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली.

आणि मागल्या जन्मीचे पाप म्हणून असे मूल पोटी आले, हे तर बौद्धाच्या घरात कुणी उच्चारूच नये. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मागल्या जन्मीच्या कर्माची ही समजूत नाकारली आहे. तिच्याच आधाराने आपल्याला शतकानुशतके खाली ठेवले गेले. तीच समजूत आपण आपल्या लेकरावर लादायची का?

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की दहा मिनिटे या विषयाला द्या. वस्तीतील कोणते मूल शाळेत मागे पडते आहे, कुणाची तपासणी राहिली आहे, याची यादी करा. ज्या आईला अर्ज लिहिता येत नाही, तिला आपल्या शिकलेल्या मुलींनी तो लिहून द्यावा आणि सीपीआरला तिच्यासोबत जावे.