पाठीचा घसारा

पुसदच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाची पाठ धरली, की ‘वय झाले’ म्हणून विषय संपविला जातो. वय व आनुवंशिकता यांचा वाटा आहेच, ओझ्याचाही आहे. मणक्यांमधील चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचे कडे चिरले, की रक्तातील संरक्षक पेशी आत शिरतात. बाहेर आलेला भाग त्या गिळतात खऱ्या. मात्र त्यांनी चेतविलेला दाह रेंगाळला, तर चकतीच पोखरली जाते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली पुरुषाच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचविली. पुसद तालुक्याचे सुपुत्र वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ साली माथाडी कायदा झाला. मर्यादेहून जड पोते पाठीवर देणे थांबलेच पाहिजे. यंत्राचा घसारा हिशेबात धरणाऱ्या व्यापाराने पाठीची झीज हमालाच्याच खाती का टाकावी?